लांडगा म्हणून लिहायचं का?

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळांवर मी बरीच वर्षं फोटो काढतो. माझ्या कामातली सगळ्यात जास्त मागणी सिल्हूटला असते: मावळतीचं नारिंगी आभाळ आणि त्यावर काळंभोर जनावर. बघणाऱ्याला वाटतं, सूर्यासमोर जनावर आलं की झालं. खरं काम उताराचं असतं. जनावर माथ्यावर हवं आणि तुम्ही त्याच्या खाली, तेही पोटावर आडवे. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलं तर अर्धं अंग मागच्या टेकडीच्या काळ्यात बुडतं आणि आभाळावर नुसती पाठ उरते. चारही पाय सुटे दिसले पाहिजेत, पोटाखालून आभाळ दिसलं पाहिजे, दोन कानांमध्ये फट हवी. तोंड कॅमेऱ्याकडे वळलं की सगळा आकार गोळा होतो. फोकसचीही अडचण असते. डोळा शोधणारा ऑटोफोकस इथे उपयोगाचा नाही, कारण डोळा दिसतच नाही. मी एकच बिंदू निवडतो आणि तो पाठीच्या कडेवर ठेवतो, कारण काळं आणि उजेड यांचा भेद तिथेच सगळ्यात जास्त असतो.

आणि वेळ फार थोडा. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो. सूर्यास्तानंतरचा कामाचा उजेड पंधरा-वीस मिनिटांत संपतो. त्यातही पहिली काही मिनिटं तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते आणि आडवं पडून लांबचं काढलं तर कडा वितळल्यासारख्या येतात. ती थरथर मंदावते आणि आभाळ अजून विझलेलं नसतं, एवढाच काय तो मुहूर्त.

दिवाळी नुकतीच सरली होती. कुसळी गवत पिकून सोनेरी झालं होतं आणि धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरणारे त्यांचे तळ, कोकणाकडे निघायच्या बेतात होते. जागेचं नाव मी लिहीत नाही. नाव फुटलं की आठवड्याभरात गाड्या गवतात घुसतात, आणि लांडग्यांच्या बिळाच्या तोंडाशी चाकांच्या खुणा मी पाहिल्यात. चांगल्या फोटोसाठी बीळ मोडणाऱ्याला मी फोटोग्राफर म्हणत नाही.

माझ्याबरोबर एक मेंढपाळ होते, वयाने मोठे. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही म्हणतो. त्यांची मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, गेली होती आणि पोरगं राखणीला होतं, म्हणून ते माझ्या शेजारी येऊन बसले. सूर्य गेला. माथ्यावरच्या तरवडाच्या झुडपांमागून एक जनावर आलं, सरळ रेषेत, पावलावर पाऊल टाकत, शेपूट खाली. निखळ लांडगा. तो थांबला नाही. त्याच्या मागून, बऱ्याच अंतराने, दुसरं आलं आणि माथ्याच्या बरोबर मध्यावर थांबून बाजूला बघत राहिलं. लांब पाय, सपाट पाठ, छाती अरुंद. मी मॅन्युअलवर होतो: एक पाचशेवा सेकंद, एफ ५.६, आयएसओ १६००. आभाळाचा रंग टिकेल आणि अंग पूर्ण काळं पडेल, असं मोजून लावलेलं. शटर चालू असतानाच तात्या हळूच म्हणाले, "दादा, पुढचं लांडगं. ह्ये मागचं मिसळलेलं हाय."

जनावर माथ्यापलीकडे उतरल्यावर मी विचारलं, कशावरून?

"शेपूट बघा की. आन् चाल. कुत्र्याचं रगात हाय त्याच्यात. औंदा दोनदा बघितलंय."

मला हे ऐकून धक्का बसला नाही. पुण्याजवळच्या माळांवर फिकट, पिवळसर रंगाचे लांडगे अभ्यासकांना २०१४ सालीच दिसले होते. पुढे केसांचे नमुने तपासले गेले आणि लांडगा-कुत्रा संकराचा जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. याचं कारण आम्हा माळावर फिरणाऱ्यांना रोज दिसतं. मेलेल्या कोंबड्या पोल्ट्रीवाले माळाच्या कडेला टाकतात. त्यावर गावची भटकी कुत्री पोसली जातात आणि लांडगेही तिथेच येतात. भारतीय लांडगा देशभरात दोन-तीन हजारांच्या घरात उरलाय. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही त्याचं घर असलेला माळ कागदोपत्री पडीक समजला जातो. तिथे चर खणून झाडं लावतात आणि त्याला हिरवाई म्हणतात. गवत उपटून केलेली ही हिरवाई लांडग्याच्या, चिंकाऱ्याच्या, धाविक पक्ष्याच्या मुळावर येते, हे मी प्रत्येक बैठकीत बोलतो. वाघासाठी ज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, ते माळाचं नाव निघालं की घड्याळ बघतात.

घरी येऊन फाइल मोठ्या पडद्यावर उघडली. चित्र सुंदर होतं, हे मी निःसंकोच सांगतो. कडा धारदार, पायांमध्ये आभाळ, वर पुसट जांभळा. पण तात्यांचं वाक्य डोक्यातून जाईना. संकराची ठळक खूण अंगाचा रंग, आणि सिल्हूट म्हणजे तोच रंग जाणूनबुजून काढून टाकणं. मग मी रॉ फाइलच्या, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीच्या, सावल्या उचलल्या, म्हणजे काळा भाग उजळला, पाच स्टॉप; दर स्टॉपला उजेड दुप्पट. आजकालच्या सेन्सरमध्ये काळ्यातही बरंच काही दडलेलं असतं. दाणेदार का होईना, अंग दिसू लागलं. फिकट होतं. पिवळट म्हणावं असं.

मी काही क्षण तसाच बसून राहिलो. मग व्हाइट बॅलन्सची, म्हणजे चित्राचा रंग पिवळा-निळा करणारी, पट्टी थोडी थंडाव्याकडे, निळ्याकडे, सरकवली, आणि तेच अंग करडं झालं, अगदी नेहमीच्या लांडग्यासारखं. परत सरकवली, पिवळट. माझ्या बोटाच्या हालचालीवर तो प्राणी लांडगा ठरत होता किंवा संकर. खरं कुठलं मानायचं? जनावराच्या माझ्याकडच्या अंगावर सूर्याचा उजेड नव्हताच, मागच्या पूर्वेच्या आभाळातून आलेला निळसर उजेड होता. शिवाय इतक्या उचललेल्या सावल्यांवर सेन्सरचा स्वतःचाही जांभळट रंग चढतो. अशा पिक्सेलवरून रंगाची साक्ष काढणं मला पटत नाही.

उरला आकार. शेपूट मी पुन्हा पुन्हा पाहिली. खाली आहे, पण टोकाशी किंचित उचललेली. वारा होता का? जनावर सावध झालं होतं का? लांडगाही कधी शेपूट उचलतो. चाल तर स्थिर चित्रात येतच नाही, आणि तात्यांनी ती पाहिली होती. मी त्या वेळी व्ह्यूफाइंडरमध्ये पाठीची कड सांभाळत होतो.

चित्राला गिऱ्हाईक लगेच मिळालं. एका कॅलेंडरवाल्यांना ते मुखपृष्ठावर हवं होतं, खाली ओळ 'भारतीय लांडगा'. मी म्हटलं, 'लांडगा किंवा लांडगा-कुत्रा संकर' असं छापा. त्यांचं म्हणणं पडलं की लोक असलं वाचत नाहीत, आणि एवढ्या काळ्या आकृतीत कोणाला काय कळणार? कोणाला कळणार नाही, म्हणूनच तर ओळ खरी हवी. मी चित्र परत घेतलं. या धंद्यात आभाळ बदलणारे, सूर्य मोठा करून चिकटवणारे बरेच आहेत. त्यांच्या रांगेत मला बसायचं नाही.

दोन्ही फाइली, काळी आणि उचललेली, मी लांडग्यांवर काम करणाऱ्या अभ्यासकांकडे जागेसह पाठवल्या. त्यांचं उत्तर सरळ होतं: फोटोवरून ठरवता येणार नाही, केस किंवा विष्ठा लागेल, आणि ती परवानगीनेच गोळा करता येते. ते या भागात येणार आहेत. तोवर माझ्या संग्रहात या चित्राखाली फक्त तारीख आणि तालुका आहे.

तात्यांचा वाडा सध्या घाटाखाली आहे. पावसाच्या तोंडावर ते वर येतील तेव्हा मला त्यांना त्या चालीबद्दल विचारायचंय: नेमकं काय वेगळं होतं, मागचे पाय, खांदे, की पाऊल पडायची रेषा? त्यांनी ते दाखवावं म्हणून व्हिडिओचा कॅमेरा बरोबर नेणार आहे.