वर्तुळावरचा तास

जर्मनीत हॅनोवरजवळच्या ज्या पागेत मी सध्या ड्रेसाज, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यांवर घोड्याकडून नेमक्या हालचाली करून घेण्याचा अश्वारोहणाचा प्रकार, शिकतो आहे, तिथे आजचा पूर्ण तास 20 मीटर व्यासाच्या एकाच वर्तुळावर दुडक्या चालीत गेला. घोडी आपल्या मनानेच फिरते आहे असे पाहणाऱ्याला वाटावे, इतके स्वाराचे इशारे सूक्ष्म असावे लागतात: आतल्या पायाची पोटरी तिच्या बरगडीला हलकेच दाबायची, बाहेरच्या लगामाने तो जोर झेलायचा आणि हे करताना मांड जराही ढिली पडू द्यायची नाही. प्रशिक्षिकाबाईंनी मध्येच रिकिबी काढायला लावल्या, तेव्हा कंबर घोडीच्या पाठीबरोबर हलत नसेल तर हातांच्या कौशल्याला काही अर्थ उरत नाही, हे चांगलेच कळले. (बाईंकडून कौतुकाचा शब्द मिळणे दुर्मीळच.) थोड्या वेळाने घोडीने मान सैल सोडली, ती तोंडातली कडी चघळू लागली, ओठांवर पांढरा फेस आला आणि तिचे मागचे पाय पुढच्या पायांच्या ठशांवर पडू लागले. 2023 मध्ये हांगझोउच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय चमूने, ज्यात मुंबईचा हृदय छेडाही होता, युरोपातल्या पागांमध्ये असाच सराव वर्षानुवर्षे केला होता. उद्याही वर्तुळच आहे, फक्त उलट्या दिशेने, आणि घोडीची ती बाजू अधिक ताठर आहे.