कोयना उठाव-नकाशा: ६५० ची रेषा सापडली, ६०० ची अडून बसली

मंडळी, पुठ्ठ्याचे थर रचून कोयना खोऱ्याचा उठाव-नकाशा करण्याचे काम चालू आहे, त्यातला शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, तळाचा प्रश्न निम्मा सुटला. पाण्याखालच्या खोऱ्याची ६५० मीटरची समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी) आता पूर्ण जोडलेली आहे, तीही अंदाजाने न ओढता उपग्रहचित्रांवरून काढलेली. ६०० ची मात्र दाद देत नाही. त्यामुळे हे अपडेट जवळजवळ सगळे तळ्याबद्दलच आहे.

प्रमाण तेच आहे: आडवे १:१,००,०००, उभे १:५०,०००, म्हणजे १ मिमीचा एक थर ५० मीटरचा. कोकणाकडची पायथ्याची पट्टी आणि ५५० पर्यंतचे सगळे थर चिकटवून झाले. थर रचताना नदीचा स्वभाव मात्र उघडा पडला. महाबळेश्वरच्या पठारावर साधारण १,३७० मीटरवरून निघालेली कोयना पहिल्या वीसेक किलोमीटरांतच जलाशयाच्या शेपटाशी, म्हणजे पूर्ण भरलेल्या पातळीच्या ६५९ मीटरवर येते. म्हणजे चौदा थर तिथेच संपतात. उरलेल्या सुमारे ११० किलोमीटरांत, पाण्याखालचा भाग, धरण, हेळवाकचे काटकोनी वळण, पाटण आणि कराड धरून, तिच्या वाट्याला जेमतेम दोन थर येतात. डोंगरातली नदी म्हणून आपण जिचे कौतुक करतो, ती बहुतेक वाट सपाटीवरच चालते. हा उतार दाखवता आला नाही तर बाजूच्या सह्याद्रीचे कडे कितीही सुबक कापले तरी नकाशा अपुराच.

अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. जलाशय भरायला लागला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. एसआरटीएम या अवकाश मोहिमेचे उंची मोजणारे रडार फिरले फेब्रुवारी २००० मध्ये, कोपर्निकस या युरोपीय उंची-नकाशाची माहिती त्याहून दशकभर नंतरची. रडार पाण्याखाली पाहू शकत नाही, त्यामुळे कुठलाही डेम (उंचीचा अंकीय नकाशा) उघडा, तापोळ्यापासून कोयनानगरपर्यंत एकच सपाट पाटी दिसते. त्यावर खड्डे भरून (‘फिल’) डी-८ प्रवाह, म्हणजे प्रत्येक चौकोनातून आठांपैकी सर्वांत उताराच्या शेजाऱ्याकडे जाणारी वाट, काढला की नदी सरळ रेषेत धावते, मध्येच या काठावरून त्या काठावर उडी मारते, आणि सोळशी व कांदाटी यांचे संगम भलतीकडेच सरकतात. ‘फिल’ची पद्धत बदलून यात काही फरक पडत नाही. जी माहिती पृष्ठभागात नाही ती कुठलाही अल्गोरिदम देणार नाही.

मार्ग निघाला तो तळ्याच्या चढ-उतारातून. पाण्याची कड ही त्या दिवसाच्या पातळीची समोच्च रेषाच असते. ६५० मीटर म्हणजे २,१३२ फूट ६ इंच. जलसंपदा विभागाच्या तक्त्यांत धरणाची पातळी ज्या दिवशी या आकड्याच्या आसपास आहे, त्या दिवसाचे सेंटिनेल-२ या उपग्रहाचे चित्र घ्यायचे. उपग्रह दर पाच दिवसांनी येतो, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळत नाही. मग एक वरच्या पातळीचे आणि एक खालच्या पातळीचे चित्र घेऊन दोन्ही कडांमध्ये ६५० ची रेषा बसवायची. पातळी उतरत असतानाचीच चित्रे घ्या. चढत्या पातळीच्या दिवसांत खोऱ्यावर ढग असतात.

पाणी वेगळे काढायला बँड ३ (हिरवा प्रकाश) आणि बँड ११ (लघु-अवरक्त) यांचा एमएनडीडब्ल्यूआय हा निर्देशांक वापरला. बँड ११ चा एक ठिपका वीस मीटरचा आहे, पण १:१,००,००० वर वीस मीटर म्हणजे ०.२ मिमी, पात्याची धारही त्याहून बारीक चालत नाही. खरा त्रास सावल्यांचा. उपग्रह सकाळी अकराच्या सुमारास जातो, हिवाळ्यात ऊन तिरपे आग्नेयेकडून येते, आणि पूर्वेकडच्या बामणोली-घेरादातेगड रांगेचे पश्चिम उतार सावलीत राहतात. तिथला डाव्या काठाचा काळा पट्टा सूत्राला पाणी वाटतो. उपाय सोपा आहे: मे महिन्याचे चित्र शेजारी ठेवा. तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि पाणी बरेच खाली गेलेले असते, त्यामुळे जे हिवाळ्यात ‘पाणी’ दिसते पण मेच्या चित्रात उघड्या काठावर दिसणाऱ्या पूर्ण भरण्याच्या रेषेबाहेर आहे ती सावली. ६५९ च्या बाहेरचे सगळे पुसून टाकले की पट्टे जातात.

पातळीत फुटाची चूक झाली तर किती बिघडते, हे तपासून ठेवलेले बरे. बाजूच्या तीव्र उतारांवर काहीच फरक दिसत नाही. शेपटाकडे मात्र पात्राचा उतार किलोमीटरला दीड मीटरच्या आसपास असल्याने एक फूट म्हणजे सुमारे दोनशे मीटर, नमुन्यावर दोन मिमी. म्हणून काळजी फक्त तापोळ्याच्या वरच्या टोकाला घ्यायची. आणि त्या टोकाला आणखी एक लाभ झाला: उन्हाळ्याच्या चित्रांत जुने पात्रच उघडे पडते. तेवढ्या भागात नदीची रेषा थेट चित्रावरून गिरवता आली. वळणे इतकी स्वच्छ मिळाली की तो तुकडा आधी कापून ठेवल्याशिवाय राहवले नाही.

आता ६०० ची रेषा. एवढे खालचे पाणी उपग्रहाला कधी उघडे सापडत नाही, त्यामुळे जुना नकाशाच आधार. अमेरिकी लष्कराच्या यू-५०२ मालिकेतले १:२,५०,००० चे पत्रक टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने चढवलेले आहे. त्यावर धरण नाही, नदी आहे. ते बसवताना जाळीच्या छेदांना डब्ल्यूजीएस-८४, म्हणजे जीपीएसची संदर्भपद्धत, समजू नका. पत्रक एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) आहे आणि या भागात फरक शे-दीडशे मीटरचा पडतो, म्हणजे नदी मिलिमीटरभर डोंगरात घुसते. आधी ईपीएसजी ४१४६ (एव्हरेस्टवरची भारतीय संदर्भपद्धत) मध्ये जागेवर आणून मग यूटीएम ४३ उत्तर (मीटरमधली जाळी) मध्ये न्या. पडताळणीसाठी पाण्याबाहेरच्या खुणा घ्या: वासोट्याचा माथा, हेळवाकचे वळण, त्याखालचे पात्र. पत्रक ताणून जागेवर बसवण्याच्या पद्धतींपैकी थिन प्लेट स्प्लाइन टाळावी असे ठाम मत झाले आहे. ती खुणेचा प्रत्येक बिंदू ओढून शून्य चूक दाखवते, त्यामुळे चुकीचा बिंदू ओळखूच येत नाही. दुसऱ्या घाताची बहुपदी कागदाचे आकसणे सांभाळते आणि वाईट बिंदू उघडा पाडते.

नदीची रेषा मिळाली की दोन टोकांच्या उंची पक्क्या करायच्या. वरचे टोक सोपे: जिथे पूर्ण भरलेले तळे संपते तिथे पात्र ६५९. खालच्या टोकाला सापळा आहे. धरणाची उंची १०३ मीटर आहे म्हणून माथ्यातून तेवढे वजा करू नये, कारण हा आकडा पायाच्या सर्वांत खोल भागापासूनचा आहे. पात्रापासूनची उंची सुमारे ८५ मीटर. त्यामुळे पात्र ५८० च्या आसपास येते आणि धरणाखालच्या पात्राशीही ते जुळते. मधल्या ५० किलोमीटरांत ७९ मीटर उतार. एकसारखा उतार धरला तर ६०० ची रेषा धरणापासून साधारण १३ किमीवर नदी ओलांडते. पण नदीचा छेद खाली सपाट होत जाणारा असतो, म्हणून ती त्याहून वर असायला हवी. किती वर, यावरच गाडी अडली आहे: जुन्या नकाशावरची रेघ आणि समोच्च रेषा एकमेकींत मिसळतात, आणि १:२,५०,००० वर अर्ध्या मिमीची रेघ म्हणजे जमिनीवर सव्वाशे मीटर. सर्वेक्षण विभागाचे धरणापूर्वीचे एक इंची (मैलाला एक इंच) पत्रक कुणाकडे स्वच्छ स्कॅन असेल तर हा गुंता एका बैठकीत सुटेल.

तोवर घनफळाची कसोटी लावली, आणि ही युक्ती धरणात बुडालेल्या कुठल्याही खोऱ्याला चालेल. तळ्याची एकूण साठवण १०५.२५ टीएमसी, म्हणजे सुमारे २९८ कोटी घनमीटर. तयार केलेला तळ आणि ६५९.४ ची पातळी यांमधले घनफळ क्यूजीआयएस या नकाशा-प्रणालीत काढायचे आणि या आकड्याशी ताडायचे. टिनने, म्हणजे बिंदू त्रिकोणांनी जोडून, केलेला तळ कमी भरला. कारण बारीक ओढ्यांच्या खाचांत तिन्ही टोके पाणकडेवरच असलेले त्रिकोण तयार होतात, त्यांची खोली शून्य राहते. ओढ्यांच्या मधोमध उतरत्या उंचीच्या रेषा घालून ग्रास प्रणालीतल्या व्ही-सर्फ-आरएसटी या साधनाने पुन्हा पृष्ठभाग केला की खाचा उघडतात. त्यातला ताण (टेन्शन) जास्त ठेवा, नाहीतर तळ नदीच्याही खाली झुकतो.

हे लिहितानाच बेत बदलला. ५५० ते ७०० मधले १ मिमीचे थर काढून ०.५ मिमीचे घालायचे: ५७५, ६००, ६२५, ६५०, ६७५, ७००. एकूण जाडी तीच राहते, पण बुडालेल्या खोऱ्याला दोनाऐवजी तीन पायऱ्या मिळतात आणि धरणाखालच्या वाटेला ५७५ ची एक पायरी. शिवाय ६५० च्या थराचा माथा बरोबर १३ मिमीवर येतो. त्यावर ०.२ मिमीची पारदर्शक पीईटी फिल्म ६५९ च्या आकारात कापून ठेवली की पाण्याची पातळी ६६० दाखवते, आणि उचलली की जुनी कोयना दिसते. रेझिन ओतण्यापेक्षा हे किती तरी चांगले. रेझिन पुठ्ठ्याच्या कडेतून शोषले जाते आणि तळ कायमचा बंद होतो.

जाडीबद्दल सूचना. १ मिमी म्हणून मिळणारा माउंट बोर्ड क्वचितच १ मिमी असतो. दहा तुकडे एकत्र दाबून व्हर्नियरने मोजा. पांढऱ्या गोंदाचा थर ०.०५ मिमी धरला तरी अठ्ठावीस थरांत १.४ मिमी वाढतात, म्हणजे सत्तर मीटर! शिवाय पाण्याने पुठ्ठा वाकतो. फवाऱ्याचा गोंद दोन्ही बाजूंना पातळ मारावा. लेझरवाल्याकडे डीएक्सएफ (आराखड्याची फाइल) पाठवताना कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन ठेवा. एकक इंचात वाचले गेले तर पहिल्याच चौकोनात कळते.

चौकटही पूर्वेला वाढवावी लागेल. ७४.२० रेखांशावर कापले तर कराडच्या पुढे दोनच सेंटीमीटर उरतात. तिथे कृष्णा उत्तरेकडून आणि कोयना दक्षिणेकडून समोरासमोर येऊन भिडतात, आणि एकत्र पाणी पूर्वेला वळते. तो टी आकार पूर्ण दिसायला ७४.२५ पर्यंत जायला हवे, म्हणजे खालचे बारा थर पाच सेंटीमीटरच्या पट्टीने जोडून घ्यायचे. जोड कृष्णेच्या पात्रात येणार नाही एवढेच पाहायचे आहे.