कपाटाची किल्ली

आज 15 ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या दहावीच्या बॅचने वर्गणी काढून इथे पुस्तकं दिली, फोटोही काढले (फेसबुकवर टाकले, खोटं कशाला बोलू). पण मागच्या खेपेला पाहिलं तर सगळी कपाटात, कुलूप लावून. "मुलं फाडतात, मग ऑडिटला काय दाखवू?" गुरुजींचंही चुकत नव्हतं.

म्हणून यंदा नवीन पुस्तकं घेतलीच नाहीत. पैसे गेले सुतळी, चिमटे, चिकटपट्टी आणि कोऱ्या वह्यांवर. शिवाय स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी छापून आणल्या. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं हे संकेतस्थळ 2015 पासून फुकट आहे, गोष्टी वाचायला सोप्या ते अवघड अशा चार स्तरांत लावलेल्या. खर्च फक्त झेरॉक्सचा.

आज वर्गात सुतळीवर पुस्तकं लटकत होती. तिसरीतल्या एका पोरीने वही पुढे केली. मांजराची गोष्ट तिला आवडली नव्हती, म्हणून शेवट स्वतः लिहिला होता: "मांजर घरी आली नाय. तीला दुसरं घर गावलं."

शेजारच्या पुस्तकाला चार ठिकाणी चिकटपट्टी. कपाट उघडंच होतं, आत खडूचे खोके.