प्लेटलेट वाढूनही रक्त थांबत नाही तेव्हा

आज मावशीला घेऊन डेक्कनला रक्तविकारतज्ज्ञांकडे गेले होते. तिला इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया, म्हणजे अस्थिमज्जेत प्लेटलेट बेसुमार तयार होणारा, संथ गतीने वाढणारा रक्ताचा कर्करोग आहे. साधारण दीड ते साडेचार लाख असायला हव्यात त्या प्लेटलेट तिच्या रिपोर्टमध्ये १४ लाखांवर आहेत, आणि तरीही दात घासताना हिरड्यांतून आलेले रक्त लवकर थांबत नाही. दंडावर तर काहीही न लागता काळेनिळे डाग उमटले आहेत.

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. जखमेच्या जागी प्लेटलेटना धरून ठेवणारे व्हॉन विलेब्रँड नावाचे प्रथिन असते आणि त्याचे सर्वांत लांब रेणू सर्वांत कामाचे असतात. प्लेटलेट १० लाखांपलीकडे गेल्या की नेमके हेच रेणू त्यांना चिकटून, तुटून रक्तातून कमी होऊ लागतात. हा दोष जन्मजात नव्हे, कर्करोगामुळे मागाहून आलेला. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या पीटी आणि एपीटीटी या नेहमीच्या तपासण्या अशा वेळी नॉर्मलही येऊ शकतात, म्हणून त्या प्रथिनाची कार्यक्षमता मोजणारी वेगळी तपासणी करावी लागते. गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेली ॲस्पिरिन अशा रुग्णात रक्तस्राव वाढवू शकते, हे ऐकताना मला खरोखर धास्ती वाटली. रिपोर्ट येईपर्यंत ती त्यांनी थांबवली आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने प्लेटलेट उतरल्या की हा दोषही बहुधा ओसरतो.

मायलोमा, लिम्फोमा या रक्ताच्या इतर कर्करोगांतही असा दोष उद्भवू शकतो. घरात असा रुग्ण असेल, तर दाढ काढण्यापूर्वीसुद्धा रक्तविकारतज्ज्ञांना अवश्य विचारा. मावशीची दाढ पुढच्या आठवड्यात काढायची होती. तिच्या दंतवैद्यांना संध्याकाळीच फोन केला आणि ती तारीख पुढे ढकलली.