फोनवर प्रार्थना होते, मग घरी कशाला येता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नवी मुंबईतल्या चर्चचा पाळक म्हणून आल्यापासून हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. "पास्टर, फोनवर प्रार्थना होते की. ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमधून कशाला येता?" विचारणाऱ्याला माझी काळजी असते, हे मला कळतं. आणि फोनवरची प्रार्थना देव ऐकत नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. नाइट ड्युटीला निघालेल्या नर्ससाठी मी फोनवरच प्रार्थना करतो.

पण फोनवर आमची माणसं एकच सांगतात, "प्रभूची कृपा आहे." घरात गेलं की दिसतं, गोळ्यांचं पाकीट अजून फोडलेलंच नाही. सून आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. कामावर असायला हवा तो मुलगा भरदुपारी घरात बसलेला. अशा वेळी लगेच बायबल उघडू नये, नुसतं बसावं. बऱ्याच वेळाने माणूस बोलायला लागतो. तो जे बोलतो ते नाव गाळूनसुद्धा रविवारच्या उपदेशात येता कामा नये. आपल्या मंडळ्या, म्हणजे चर्चमधले समुदाय, लहान; कोणाचं बोलणं चाललंय ते सगळ्यांना कळतं, आणि एकदा विश्वास गेला की ते दार पुन्हा उघडत नाही.

आमच्याकडची बरीच कुटुंबं नगर, जालना, सोलापूरकडची. गावी मिशन कंपाउंडात, म्हणजे मिशनच्या आवारातल्या ख्रिस्ती वस्तीत, कोणी आजारी पडलं की संध्याकाळपर्यंत खाटेभोवती माणसं जमायची. इथे नवरा-बायको दोघंही रात्री नऊला घरी पोचतात, म्हातारं माणूस दिवसभर एकटं.

अंथरुणाला खिळलेल्यांकडे जाताना प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायच्या भाकरी-द्राक्षरसाचा, छोटा डबा बरोबर नेतो. त्यात इवले पेले, द्राक्षरस आणि भाकर असते. ऐरोलीतल्या एका आजींना घास गिळवत नव्हता. भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवून त्यांच्या ओठांना लावला. लेकीने 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक उघडून ना. वा. टिळकांचं गीत म्हणायला घेतलं. आजींचे डोळे मिटलेले होते, आवाज फुटत नव्हता, पण ओठ शब्दागणिक हलत होते. पुस्तकात पाहून गाणाऱ्या लेकीचा एक शब्द चुकला, तिथे आजींनी तिचा हात दाबला. प्रभुभोजन असं हातानेच द्यावं लागतं, ते फोनवर कसं देऊ?

आता माझंही एक मागणं आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं, असं सांगितलंय. हे काम एकट्या पाळकावर सोपवलेलं नाही. आमचे वडील म्हणतात, "आम्हाला तुमच्यासारखी प्रार्थना जमत नाही." मग बायबलमधलं स्तोत्र 121 वाचा, 8च वचनं आहेत. वाचा आणि बसा. पहिल्या भेटीला मी बरोबर येतो, रविवारी उपासना झाल्यावर कोणाकडे जायचं ते ठरवू.