घटनाकारांचा हेतू आणि आपली सोय

ठाण्यात कोर्ट नाक्यावर वकिली करणारा माझा एक मित्र ठामपणे सांगतो की, राज्यघटनेचा अर्थ घटनाकारांना अभिप्रेत होता तोच घ्यावा आणि त्यात भर घालायचीच असेल, तर ती संसदेने घालावी, न्यायाधीशांनी नव्हे. हा पक्ष मला पुरता पटत नाही. पण जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धतीशिवाय हिरावता येणार नाही, असे सांगणाऱ्या अनुच्छेद २१ चा इतिहास त्याच्याच बाजूचा आहे. ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ ही शब्दयोजना घटना समितीने जाणीवपूर्वक स्वीकारली; कायदा न्याय्य आहे की नाही, हे न्यायालयांना तपासू देणाऱ्या अमेरिकेतल्या ‘ड्यू प्रोसेस’चे उदाहरण तेव्हा समोर होते. म्हणूनच १९५० मध्ये कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात, संसदेने कायदा केला आहे एवढे बहुमताला पुरले. कार्यपद्धती न्याय्य असली पाहिजे, असा आग्रह न्या. फझल अली यांनी धरला, पण तो अल्पमतात राहिला. १९७८ मध्ये मेनका गांधी यांच्या पारपत्राच्या खटल्यात त्याच शब्दांचा अर्थ ‘न्याय्य, रास्त आणि वाजवी कार्यपद्धती’ असा झाला. मधल्या काळात त्या अनुच्छेदातले एक अक्षरही बदलले नव्हते!

मला हा बदल इष्ट वाटतो. त्याच वाटेने १९८५ मध्ये ऑल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथवासीयांच्या निमित्ताने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. अर्थात पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मानला नाही आणि पावसाळ्यानंतर त्यांना हटवण्याची मुभा महापालिकेला दिली, हे या निकालाचे गोडवे गाताना सहसा सांगितले जात नाही.

माझी खरी अडचण १९९३ च्या निकालाने होते. न्यायाधीशांच्या नेमणुकीत सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करावा, असे घटना सांगते. न्यायालयाने त्याला जवळजवळ संमतीचे वजन दिले आणि त्यातून न्यायवृंदाची, म्हणजे सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नेमणुका ठरवण्याची, पद्धत आली. वस्तुतः सरन्यायाधीशही माणूसच असतो, तेव्हा त्याला असा नकाराधिकार देणे धोक्याचे आहे, असे डॉ. आंबेडकरांनी मे १९४९ मध्येच घटना समितीत बजावले होते. येथे मी मित्राच्या बाजूला जातो. मेनका गांधी खटल्यात घटनाकारांचा हेतू बाजूला सारणे मला चालते आणि येथे मात्र खटकते. व्यक्तीला सत्तेपासून वाचवणारा अर्थ वेगळा आणि न्यायालयाचीच सत्ता वाढवणारा अर्थ वेगळा, असा भेद मी करतो. मित्र त्याला पळवाट म्हणतो.

तोही मोकळा सुटत नाही. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी मान्य झालेली ‘मूलभूत संरचना’, म्हणजे संसदेला घटनादुरुस्ती करूनही मोडता न येणारा घटनेचा गाभा, घटनेत कुठेच लिहिलेली नाही. त्याविषयी विचारले की, तो निकाल अपवाद समजावा, असे तो म्हणतो.