तुम्ही विचारलंत म्हणून: गुरुजींचे कागद अजून घरीच का?

नांदेडात कोणत्याही मैफलीला गेले, की मध्यंतरात कुणीतरी विचारतेच, "ताई, गुरुजींचे कागद एखाद्या संस्थेला का देत नाही? घरात वाळवी लागून जातील." वाळवीची धास्ती मला विचारणाऱ्यांपेक्षा जास्त आहे. पण कागद एकदा दिले होते, हे कुणाला ठाऊक नसते.

गुरुजी म्हणजे माझे वडील; ते गायक होते. ते गेल्यावर त्यांच्या कागदांची एक पेटी आम्ही एका संस्थेच्या स्वाधीन केली. तीत बंदिशींच्या वह्या, आकाशवाणीच्या परभणी केंद्राची करारपत्रे, नामवंत गायकांची पत्रे आणि बिदागीच्या हिशेबाची चोपडी होती. पुढे मी पाहायला गेले, तेव्हा नामवंतांची पत्रे काचेआड लागली होती. चोपडी आणि जुन्या वह्या मात्र कुठेच नव्हत्या. "त्यात गाण्याचे काही नव्हते, उर्दूत कसलेतरी हिशेब होते, रद्दीत गेले," असे मला सांगण्यात आले.

वडिलांचे शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमातून झाले. १९४८ साली संस्थान गेले तरी घाईने काही टिपायचे झाले, की त्यांचा हात उर्दूकडेच वळे. बंदिशीचे शब्द ते देवनागरीत लिहीत, स्वरलेखन भातखंडे पद्धतीने करीत आणि हा अंतरा कुणाकडून मिळाला, दुसरे कोण तो कसा म्हणत असे, हे समासात उर्दूत नोंदवीत. चोपडीतले १९७२च्या दुष्काळातले एक पान मला आजही डोळ्यांसमोर दिसते: गावाचे नाव, गायलेले राग, तबलजीला रोख दिलेले रुपये आणि स्वतःच्या बिदागीच्या रकान्यात केवळ ‘सुगीनंतर’. ज्यांची नावे कोणत्याही निमंत्रणपत्रिकेवर छापली गेली नाहीत, अशा साथीदारांची नोंद त्या चोपडीखेरीज कुठेही नव्हती.

वडील फार मोठे गायक होते, असा माझा दावा नाही. परंतु एका माणसाचे कागद दुसऱ्यांच्या कागदांत मिसळू नयेत, एकत्रच ठेवावेत, हा दंडक फ्रान्सच्या सरकारी दफ्तरखान्यांना १८४१ सालीच घालून दिला गेला; तो मी मागितला तर मला हट्टी का म्हणावे? नामवंतांची ती पत्रे छापण्याची परवानगीही माझ्याकडे मागितली गेली. पत्राचा कागद आमचा असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांचा असतो. जी परवानगी माझ्या हातात नाही, ती मी कशी देणार?

पेटी देण्यासाठी घरच्यांशी भांडले होते ते मीच. घर ही कागदांची जागा नव्हे, असे मी तेव्हा म्हणत असे आणि ते आजही मला खोटे वाटत नाही. पावसाळ्यात आमचे माळवद गळते, कॅसेटींवर बुरशी चढते, माझ्यानंतर हे सारे कोण पाहील ते सांगता येत नाही. तरीही प्रत्येक कागदाची यादी करू, पेटीतले कागद एकमेकांपासून वेगळे करणार नाही आणि विचारल्याशिवाय काही टाकणार नाही, एवढे लेखी द्यायला आजवर कुणी तयार झालेले नाही.

दरम्यान, वडिलांचे उर्दू अक्षर लागते अशी त्यांच्या पिढीतली माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत. उरलेल्या वह्यांचे समास आधी त्यांच्याकडून वाचून घ्यावेत की आहेत तसे कागद कुणाच्या तरी कोरड्या कपाटात पोचवावेत, याचे माझे उत्तर अजूनही दर पावसाळ्यात बदलते.